व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मराठी लेखनाचा संदर्भ द्यायचा कसा?

कोरीपाटी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

मी एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी 'व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरणाऱ्या मराठी गोष्टी' हा विषय घेतलाय. मार्गदर्शक मॅडमनी विषय हौसेनं मान्य केला आणि पहिल्या प्रकरणाचा खर्डा वाचून समासात एकच शब्द लिहून परत दिला: 'संदर्भ?' प्रत्येक उताऱ्यापुढे लेखकाचं नाव, साल आणि प्रसिद्धीचं ठिकाण द्यायचंय. माझ्याकडे तिन्ही रकाने कोरे.

एक उदाहरण देते. एसटीतल्या आजीची गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे आली असेल. ऐंशीची म्हातारी एसटीत चढते, तिकिटाला पैसे कमी पडतात, कंडक्टर आपल्या खिशातले घालतो, उतरताना आजी गाठोड्यातलं काहीतरी त्याच्या हातावर ठेवते. एवढंच. ओळखीपाळखीच्या ग्रुपांवरून मी हिच्या मिळतील तेवढ्या प्रती गोळा केल्या. आईच्या लातूरच्या ग्रुपवरच्या प्रतीत गाडी उदगीरची आणि गाठोड्यात ज्वारीची भाकरी नि ठेचा. मैत्रिणीच्या रत्नागिरीच्या ग्रुपवर गाडी दापोलीची आणि भाकरी तांदळाची. पुण्यातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवर आजी पोळीचा लाडू देते, आणि गाडी चक्क शिवनेरी आहे! (तिकिटाला पैसे कमी पडणारी आजी शिवनेरीत कशाला चढेल, हे मला विचारू नका.)

यातली सर्वात लांब प्रत सर्वात चांगली आहे. तीत कंडक्टर जवळजवळ बोलतच नाही. आजी उतरते, तो हातातल्या भाकरीकडे बघतो, डबल बेल देतो, गोष्ट संपली. बाकी सगळ्या प्रतींत त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, त्याला स्वतःची आई आठवते, आणि खाली 'मित्रांनो, आईवडिलांना जपा' असं लिहून हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. एका प्रतीखाली लेखक म्हणून व. पु. काळे यांचं नाव आहे. वपु २६ जून २००१ ला गेले. गोष्टीतली आजी गाडीत बसून नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलते.

म्हणजे मूळ गोष्ट कुणीतरी नीट बसून लिहिलीय. एसटीनं भरपूर फिरलेल्या, कुठे थांबायचं ते कळणाऱ्या माणसानं. त्या माणसाचं नाव पहिल्या दोन-तीन उड्यांतच गळलं असणार. मग गावाचं नाव बदललं, मग भाकरी बदलली, आणि शेवटी बोध चिकटला. हा क्रम मला जवळजवळ प्रत्येक गोष्टीत दिसतो. कापताना आधी नाव जातं. जोडताना आधी उपदेश येतो.

माझा जन्म २००२ चा. आमच्या घरात डेटा परवडायला लागला तो २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर. त्यामुळे माझ्या लेखी मराठी इंटरनेट म्हणजे ग्रुपच. मराठी ब्लॉग नावाचं एक जग होतं, हे मला या प्रबंधाच्या निमित्तानं नीट कळलं. शोधता शोधता २००८-०९ चे ब्लॉग सापडले. वर तारीख, खाली लिहिणाऱ्याचं नाव, त्याखाली हिरिरीनं भांडणारे वाचक. मला सापडलेल्या बहुतेकांची शेवटची नोंद २०१३-१४ च्या आसपासची आहे. पुढचं लेखन ग्रुपांच्या आत गेलं असावं, असा माझा अंदाज.

फोनवर रोज मराठीत लिहिणारी माणसं आज जितकी आहेत तितकी कधीच नसतील. आमची आजीसुद्धा बोलून टाइप करते. आणि या सगळ्या लेखनातलं पाच वर्षांनी शोधून काय सापडेल? मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशातला शब्द शिकागो विद्यापीठाच्या साइटवर दोन सेकंदांत मिळतो. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज सात दिवसांनी आपोआप पुसले जातात. काकांनी तसं सेटिंग करून ठेवलंय, फोन भरतो म्हणून.

मला जास्त खुपतं ते असं की नाव राहणार नाही हे ठाऊक असलं, की माणूस लिहितोही तसाच. अलीकडच्या गोष्टी वाचल्या तर त्या फॉरवर्ड होण्यासाठीच रचलेल्या दिसतात. तीन ओळींचे परिच्छेद, पहिल्याच ओळीत 'डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहणार नाही' अशी हमी, शेवटी ठरलेलं वळण. डबल बेलवर गोष्ट संपवणारा माणूस आता लिहितो का? लिहीत असला तर मला तो दिसायचा कसा?

तर प्रश्न दोन. एक, अशा मजकुराचा संदर्भ रीतसर कसा द्यायचा? दोन, या गोष्टीची जुनी प्रत कुणाकडे आहे का?

---

तिखटमीठ

शिवनेरीतली आजी वाचून ठ्ठो! धागा आवडला.

पण एक मुद्दा. आजी ऐंशीची आहे ना? ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे. तिला तिकीट लागतच नाही, पैसे कमी पडणार कुठून? म्हणजे गोष्ट त्याआधीची. आणि व्हिडिओ कॉल आहे म्हणजे स्वस्त डेटाच्या नंतरची. सालाचा रकाना अर्धा भरून दिला, चहा पाजा.

---

कोरीपाटी

@तिखटमीठ, चहा नक्की! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वरची मर्यादा ऑगस्ट २०२२ ही मी प्रबंधात घालणार. ऋणनिर्देशात 'तिखटमीठ' असं लिहिलं तर मॅडम काय म्हणतील ते बघू.

---

खिळेजुळारी

ताई, विषय छान घेतलास. पण नाहीसं होण्याची सुरुवात व्हॉट्सअ‍ॅपनं केली असं समजू नकोस. आमच्या धंद्याचं ऐक.

मी १९९५ पासून पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याचं काम केलं. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी. प्रत्येकाची कळपाटी निराळी, आणि एकाचं काम दुसऱ्यात उघडायचं नाही. या फॉन्टांत संगणकाच्या दृष्टीनं मराठी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असायची. कृतिदेवमध्ये 'मराठी' टाइप केलं की फायलीत ई, जे, के, बी, एच अशी रोमन अक्षरं साठवली जायची. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट काढला की कचरा. काना आणि वेलांटी ही सुटी चित्रं, अर्धं अक्षर आणखी निराळं. कागदावर छापून येतंय ना, मग झालं, असा तो काळ.

युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरीला १९९१ पासून जागा आहे. पण छपाईच्या सॉफ्टवेअरला जोडाक्षरं धड दाखवता येईपर्यंत बरीच वर्षं गेली, आणि तोवर आमच्या हाताला जुनी वळणं बसलेली. कित्येक दिवाळी अंक, गौरवग्रंथ, स्मरणिका आज पीडीएफ म्हणून नेटवर आहेत, डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसते, पण त्यात शब्द शोधला तर शून्य निकाल. मजकूर नावासकट, तारखेसकट समोर असून सापडत नाही. यातलं पुष्कळ काम माझ्याच हातचं.

अवांतर: जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलणारी कन्व्हर्टर मिळतात. र्‍ह, ऱ्य आणि रफार यांच्यापाशी हमखास घोळ घालतात. बदलून झाल्यावर मुद्रितशोधन केल्याशिवाय वापरू नकोस.

---

बंड्या सॅनहोजेकर

खिळेजुळारी काकांशी बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज २०१६ पासून एन्क्रिप्टेड (पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाही वाचता न येणारे) आहेत, त्यामुळे आतलं काही गूगलला दिसत नाही. ते योग्यच आहे. फॉरवर्ड केलेल्या मेसेजबरोबर तो किती उड्या मारून आलाय याची मोजणी प्रवास करते, म्हणून पाच उड्यांनंतर दुहेरी बाण दिसतो. मात्र मूळ कुणी पाठवला हे त्याबरोबर जात नाही. आणि कुणी मजकूर कॉपी करून नव्यानं चिकटवला की मोजणी पुन्हा शून्यावर. तुझ्या गोष्टीत ज्यानं उदगीरची दापोली केली त्यानं कॉपी-पेस्टच केलं असणार, कारण फॉरवर्ड करताना मूळ मजकुरात फेरफार करता येत नाही. म्हणजे प्रत्येक पाठभेदाच्या मागे एक माणूस आहे, ज्यानं थांबून हात घातला. मला हे निव्वळ ढकलगाडीपेक्षा बरंच वाटतं.

फॉरवर्ड करण्यावर मर्यादा आल्या कशामुळे हेही प्रबंधात असू दे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. देशभर अशा घटना घडत होत्या. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं कंपनीनं ठरवलं. नाव-गाव नसलेल्या मजकुराला आपण 'कुणाची का असेना, गोष्ट छान आहे' म्हणतो. तिथे तोच गुण जीव घेऊन गेला.

संदर्भाचं म्हणशील तर एपीए या संदर्भ देण्याच्या पद्धतीत असे मेसेज 'वैयक्तिक संपर्क' धरतात. मजकुरात कंसात उल्लेख आणि तारीख, शेवटच्या यादीत नोंद नाही. पण तुझे मेसेज हाच तुझा अभ्यासाचा ऐवज आहे, तेव्हा त्या प्रती परिशिष्टात छापून प्रत्येकीला क्रमांक देणं चांगलं.

---

ढवळ्या

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

शाळेची घंटा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ग्रुपांबद्दल इतकं वाईट बोलू नका बाई.

लॉकडाऊनमध्ये आमच्या वस्तीवर शाळा चालली ती पालकांच्या ग्रुपवर. ज्या घरात फोन होता तिथे शेजारची तीन पोरं बसायची. मी रोज रात्री एक छोटी गोष्ट लिहून सकाळी टाकायची, तिसरी-चौथीला वाचता येईल अशी, जोडाक्षरं टाळून. ब्लॉग काढ म्हणाले असते तर मी एक ओळ लिहिली नसती. समोर कोण वाचणार ते ठाऊक होतं म्हणून लिहिता आलं.

त्यातली एक गोष्ट पुढल्या वर्षी एका प्रशिक्षणात नमुना म्हणून दाखवली गेली, खाली भलत्याच माणसाचं नाव. मी हात वर करून सांगितलं, माझी आहे म्हणून. सगळे हसले. पुरावा काय, असं एकानं विचारलं. तो मेसेज ज्या फोनवर होता तो केव्हाच बंद पडला होता.

तरी सांगते, मुलांनी वाचली याचं समाधान जास्त आहे. पण कोरीपाटी, तुमचा प्रबंध झाला की मला वाचायचाय.

---

माहेरवाशीण

मला धाग्याचा सूर थोडा पटला नाही, म्हणून लिहिते.

आमच्या माहेरच्या बायकांचा एक ग्रुप आहे. आत्या, चुलत बहिणी, वहिन्या. तिथे मी जे लिहिते ते कुठेच सापडू नये म्हणूनच तिथे लिहिते. सासरचं, आजारपणाचं, कधी नुसतं चिडून. त्यातलं काही चांगलंही असतं, माझी धाकटी बहीण फार सुरेख लिहिते. उद्या कुणी विद्यार्थी येऊन म्हणाला की हे मराठी वाङ्मय नष्ट होतंय, जपायला पाहिजे, तर मी दार लावून घेईन. सापडणं ही सगळ्यांनाच हवी असलेली गोष्ट नाही. बायकांना तर नाहीच नाही. उघड्यावर नावानं लिहिलेल्या बायकांना खाली काय काय ऐकावं लागतं ते तुम्ही त्या जुन्या ब्लॉगांवरही पाहिलं असेलच.

---

कोरीपाटी

@शाळेची घंटा, पुरावा मागणाऱ्याचं वाचून संताप आला. तुमची हरकत नसेल तर हा प्रसंग, तुम्ही म्हणाल त्या नावानं किंवा नावाशिवाय, प्रबंधात घेईन.

@माहेरवाशीण, ताई, तुमचा मुद्दा मी बाजूला सारणार नाही. मी घेतलेल्या सगळ्या प्रती दोनपेक्षा जास्त ग्रुपांवर आलेल्या, म्हणजे आधीच बाहेर पडलेल्या आहेत. एकाच ग्रुपवर लिहिलेलं काही घ्यायचं नाही असा नियम आता लेखी करते. तरी एक शंका राहतेच. एसटीतली आजीसुद्धा कुणीतरी आपल्या माहेरच्या ग्रुपवर लिहिलेली असली तर? तिनं ती बाहेर जाऊ द्यायची ठरवलंच नसेल. बहिणीनं सुरेख आहे म्हणून पुढे पाठवली असेल.

---

माहेरवाशीण

हो, असंच होतं. सुरेख असलं की बाहेर जातं.

---

पोथीवाला

उशिरा आलो. विषय माझ्या आवडीचा, तेव्हा थोडं लांबेल.

कोरीपाटी, तुम्ही ज्याला अडचण म्हणताय तिच्यावर आपल्याकडे दीडशे वर्षं काम झालंय. नाव गळतं हे संतांना चांगलं ठाऊक होतं. कीर्तनात, दिंडीत, तोंडोतोंडी जाणाऱ्या रचनेचं नाव कागदाच्या कोपऱ्यात ठेवून चालणार नव्हतं, म्हणून ते शेवटच्या चरणातच ओवलं. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'म्हणे नामयाची जनी'. नाव काढायला गेलात तर चरण मोडतो. तुमच्या एसटीवाल्या लेखकाला ही सोय नव्हती.

अर्थात नाममुद्रेनंही सगळं भागलं नाही. उलट कुणीही रचायचं आणि 'तुका म्हणे' जोडून द्यायचं, असं झालं. तुमच्या वपुंचं झालं तेच. म्हणून इंदुप्रकाश छापखान्यानं १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत तुकारामांची गाथा काढली तेव्हा संपादकांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या हस्तलिखित पोथ्या मिळवून त्यांचे पाठ ताडून पाहिले. मुंबई सरकारनं त्या कामाला पैसे दिले होते. छापील गाथेत पाठभेद तळटीपांत दिले. मूळ लेखकाच्या हातचा कागद समोर नसतानाही प्रती एकमेकींशेजारी ठेवून बरंच काही ठरवता येतं, हे त्यातून दिसतं. तुम्ही नकळत तेच करायला लागला आहात. उदगीरची प्रत, दापोलीची प्रत, शिवनेरीची प्रत. आता नीट करा. प्रत्येक प्रतीला खूण द्या, कुठल्या जिल्ह्यातल्या ग्रुपवर, कोणत्या तारखेला आली ते लिहा, आणि ओळीओळीनं तक्ता मांडा.

एक सूचना. पाठचिकित्सेत, म्हणजे प्रती ताडून मूळ मजकूर शोधण्याच्या शास्त्रात, कठीण पाठ सोप्या पाठापेक्षा जुना मानायचा कल असतो, कारण नकलणारा माणूस अवघड ते सोपं करतो, सोप्याचं अवघड सहसा करत नाही. डबल बेलवर संपणारी तुमची प्रत त्या न्यायानं जुनी ठरेल. रडणारा कंडक्टर नंतरचा. पण तारखेचा आधार मिळाल्याशिवाय ठाम म्हणू नका. एखाद्या चांगल्या वाचकानं रडणं कापून टाकलं असणंही अशक्य नाही.

दुसरं, जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प पाहा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यातून सुरू केला. एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, पुष्कळ ध्वनिमुद्रित झाल्या, आणि २०१७ पासून 'परी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध झाल्या. ओवी तर पूर्वापार बिननावाची. तिथे मात्र प्रत्येक ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं असतं. कर्ती कोण हे कळत नसलं तरी ती कुणाच्या तोंडून ऐकली हे लिहिता येतं, आणि तेवढा संदर्भ पुरेसा धरला जातो. तुमच्या लेखकाच्या रकान्यात 'अज्ञात' लिहा. त्यापुढे नवा रकाना काढा: 'कुणाकडून मिळाली'.

---

खिळेजुळारी

पोथीवाले, दंडवत घ्या.

---

तिखटमीठ

मी म्हणतो ही गोष्ट एआयलाच विचारा ना, मूळ लेखक कोण म्हणून.

---

बंड्या सॅनहोजेकर

@तिखटमीठ, आत्ताच विचारून आलो. अतिशय आत्मविश्वासानं एका मोठ्या लेखकाचं नाव सांगितलं, वर कथासंग्रहही सांगितला. तसा कथासंग्रह मला कुठेच सापडला नाही.

त्याचाही दोष काय म्हणा. ही यंत्रं मुख्यतः उघड्या नेटवरचा आणि छापील पुस्तकांतला मजकूर वाचून शिकतात. उघड्यावरची मराठी मुळात कमी, त्यात काकांनी सांगितलेल्या पीडीएफ त्यांना धड वाचता येत नाहीत, आणि बाकी सगळं ग्रुपांत. म्हणून तर त्यांची मराठी कधी सरकारी परिपत्रकासारखी असते, कधी हिंदीतून उचलल्यासारखी. उदगीरची आजी तिथे पोचलेलीच नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला, तेव्हा सगळ्या ग्रुपांवर अभिनंदनाचे मेसेज आले. तेही ग्रुपांवरच.

---

कोरीपाटी

पोथीवाले सर, काल रात्रीच तक्ता करायला बसले. 'कुणाकडून मिळाली' हा रकाना मॅडमना दाखवला, त्यांना एकदम पटला. म्हणाल्या, आता हा प्रबंध लोकसाहित्याच्या पद्धतीनं लिही, आधुनिक साहित्याच्या नको. म्हणजे पहिलं प्रकरण पुन्हा लिहायचंय.

तक्त्यातून एक मजा दिसली. भाकरी, लाडू, गाडी हे सगळं बदलतं, पण आजीच्या गाठोड्याचं फडकं सगळीकडे 'हिरव्या काठाचं' आहे. एकाही प्रतीत ते बदललेलं नाही. बदलायची कुणाला गरज वाटली नसेल, किंवा तेच लोकांच्या लक्षात राहत असेल.

कुणाकडे जुनी प्रत असेल तर कृपया पूर्ण मजकूर इथे चिकटवा, तारीख आणि जिल्हा सांगा. ग्रुपचं किंवा पाठवणाऱ्याचं नाव नको.

---

ढवळ्या

मघाचा प्रतिसाद काढला कारण खात्री नव्हती. आता बायकोच्या जुन्या टॅबमध्ये शोधून पाहिलं. मेसेज नाही, स्क्रीनशॉट आहे, त्यामुळे चिकटवता येणार नाही, हातानं टाइप करून देतो थोड्या वेळानं. तारीख दिसते, २०१९ च्या दिवाळीतली. जिल्हा बुलडाणा. गाडी मेहकरची आहे. कंडक्टर बोलत नाही. डबल बेलवरच संपते. फडकं हिरव्या काठाचंच.

पण यात आजी भाकरी देत नाही. गाठोडं सोडते, आत बघते आणि पुन्हा बांधते. द्यायला काही नसतं. हे तुमच्या कुठल्या प्रतीत आहे का?